सहा पाचव्या

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर, कोजागिरीच्या सूचनेखाली, कार्यकारिणीचे एक छोटे निवेदन होते. बहुतेकांनी ते वाचले नसेल, कारण झेरॉक्स जरा फिकट आली होती. मी वाचले. निवृत्त माणसाला वार्तापत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याखेरीज दुसरा उद्योग काय असतो?

निवेदनाचा सारांश असा, की चर्चच्या तळघरातले आपल्या वाचनालयाचे कपाट आता भरून वाहते आहे, दुसरे कपाट ठेवायला जागा नाही, तेव्हा ज्या पुस्तकांच्या आणि सीडींच्या एकाहून जास्त प्रती आहेत त्यातली एकेक ठेवून बाकीच्या काढून टाकाव्यात. सोबत यादी होती. दासबोधाच्या चार प्रती, 'रुचिरा'च्या तीन आणि त्यानंतर ही ओळ: "बीथोव्हेन, सिंफनी क्र. ५. सहा प्रती. पैकी एक (चांगल्या स्थितीतील) ठेवावी."

दासबोधाबद्दल माझे काही म्हणणे नाही. चारही प्रतींत समर्थांनी तेच सांगितले आहे. पण सहा पाचव्यांबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचे आहे. कार्यकारिणीवर रोष मुळीच नाही. ही मंडळी आपले शनिवार-रविवार घालवून सतरंज्या उचलतात, चहाची भांडी घासतात, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगतो, त्या सहा प्रती नाहीत. त्या सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

जुन्या सभासदांना आठवेल, या सीडी आपल्या लायब्ररीकाकांच्या. त्यांचे खरे नाव बरेच जण विसरले, इतके ते नाव रूढ झाले होते. पेशाने यांत्रिकी इंजिनियर, स्वभावाने थोडे तिरसट, आणि दर महिन्याच्या सभेला कपाटाची किल्ली खिशात घेऊन सर्वांच्या आधी हजर. ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्यांचा संग्रह मंडळाला दिला. त्यात भीमसेन होते, मल्लिकार्जुन होते, आणि या सहा पाचव्याही होत्या.

आता मूळ प्रश्न. तेच संगीत, तीच सिंफनी, एकच नोटेशन. मग सहा कशाला?

याचे उत्तर आपल्याला खरे म्हणजे माहीत आहे, फक्त या बाबतीत सुचत नाही. 'नटसम्राट' नाटक घ्या. शिरवाडकरांची संहिता एकच. पण १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला बेलवलकर वेगळा, नंतर दत्ता भटांनी केलेला वेगळा, सतीश दुभाषींचा आणखी वेगळा. ज्यांनी यांतले दोघे पाहिले आहेत त्यांना एकत्र जेवायला बसवून बघा, श्रीखंड संपेल पण वाद संपणार नाही. तिथे कुणी म्हणत नाही की वाक्ये तीच आहेत, तर दुसरा प्रयोग कशाला पाहायचा? सिंफनीचेही तेच. आपल्या रागसंगीतात गायक जागच्या जागी रचना फुलवतो. तसे इथे नसते. इथे सूर न् सूर कागदावर लिहिलेला असतो. म्हणून तुलना रागाशी करण्यापेक्षा नाटकाशी करावी. शब्द नाटककाराचे. पण थांबायचे कुठे, ओरडायचे कुठे, कुजबुजायचे कुठे, हे नटाचे. सिंफनीत हे काम कंडक्टरचे आणि त्याच्या वादकांचे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. तीस वर्षे होत आली, तेव्हा सांगायला हरकत नाही.

आम्ही या देशात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी एका दुकानातल्या सवलतीच्या टोपलीतून पाचव्या सिंफनीची कॅसेट घेतली. दोन डॉलरची. कंडक्टरचे नाव इतक्या बारीक अक्षरात होते की मी ते कधी वाचलेच नाही. गाडी जुनी, कामाचे ठिकाण लांब. जाता येता ती कॅसेट वाजायची. वर्षभरात ती मला तोंडपाठ झाली. 'पाचवी सिंफनी म्हणजे ही' अशी माझी खूणगाठ पक्की बसली.

पुढे आमची मुलगी हायस्कूलमध्ये गेली आणि शाळेच्या ऑर्केस्ट्रात बसून वाजवू लागली. 'बसून' हे वाद्याचे नाव आहे, हे आधी सांगितलेले बरे. तिच्या आजीला फोनवर मी म्हणालो, "आई, नात आता बसून वाजवते," तर आई म्हणाली, "मग इतके दिवस उभ्याने वाजवत होती का?" चार-साडेचार फूट उंचीचे लाकडी वाद्य, सनईसारखीच पत्ती ओठांत धरून वाजवायचे, आवाज मात्र घोगरा, खर्जातला. ऑर्केस्ट्रात ते मागच्या ओळीत असते आणि बहुतेक वेळ इतरांच्या आवाजात बुडून जाते. व्हायोलिनवाल्या मुलांच्या आईवडिलांना जो मान मिळतो तो आमच्या वाट्याला येत नसे.

एका वर्षी शाळेने पाचव्या सिंफनीचा पहिला भाग बसवला. आम्ही दोघे पुढे जाऊन बसलो. सुरुवात झाली, मी मनातल्या मनात माझी कॅसेट सोबत वाजवत होतो. मध्यावर एके ठिकाणी, जिथे माझ्या कॅसेटमध्ये हॉर्न दणक्यात ललकारी देतात, तिथे हॉर्न गप्प! त्याऐवजी ती ललकारी दिली दोन बसूननी. त्यातले एक आमच्या मुलीचे. मोठ्या तुतारीच्या जागी कुणीतरी घसा खाकरावा तसे मला वाटले.

घरी येताना गाडीत मी म्हणालो, "छान झालं गं. फक्त ते मधलं चुकलं तुमचं. तिथे हॉर्न असतो."

ती म्हणाली, "नाही बाबा, तिथे बसूनच आहे. तसंच लिहिलंय."

मी म्हणालो, "अगं, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. मी शंभरदा ऐकलंय."

ती पुढे काही बोलली नाही. घर येईपर्यंत कोणीच बोलले नाही. संपूर्ण भागात तिच्या वाद्याला एवढीच एक जागा उघडी मिळाली होती. महिनाभर त्या जागेचा तिने सराव केला होता, हे मला नंतर हिच्याकडून कळले. दुसऱ्या दिवसापासून ती लांबलचक काळी पेटी घरी येईनाशी झाली. "शाळेतच प्रॅक्टिस करते," एवढेच उत्तर.

मी ही गोष्ट लायब्ररीकाकांना सांगितली, ती अर्थातच शाळेच्या शिक्षकांची तक्रार म्हणून. काका म्हणाले, "उद्या संध्याकाळी घरी ये. कॅसेट आणू नकोस."

गेलो. काकांनी टेबलावर खिशात मावेल एवढी एक छापील स्वरलिपी उघडून ठेवली होती. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "वाच." मला ती लिपी वाचता येत नाही, पण ओळीच्या सुरुवातीला वाद्याचे इटालियन नाव छापलेले होते: फागोत्ती. काका म्हणाले, "फागोत्ती म्हणजे बसून. अरे, तुझी मुलगी बरोबर होती."

मग त्यांनी कारण सांगितले. ही सिंफनी व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ रोजी प्रथम वाजली. तेव्हाच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. नुसतीच पितळेची गुंडाळलेली नळी. ती नळी ज्या स्वराची असेल त्याच्या ठरावीक साथीदार स्वरांत तो हॉर्न खुलायचा, बाकीचे स्वर धड निघत नसत. ही ललकारी पहिल्यांदा येते तेव्हा ती हॉर्नला सोयीच्या स्वरात आहे. दुसऱ्यांदा येते तेव्हा सगळा मजकूर वेगळ्या स्वरावर सरकलेला असतो आणि तोच हॉर्न तिथे उपयोगाचा राहत नाही. नळी बदलायला वेळही नाही. म्हणून बीथोव्हेनने ती ओळ बसूनला दिली. झडपांच्या हॉर्नचे पेटंट निघाले १८१८ साली. पुढे हॉर्नला सगळे स्वर वाजवता येऊ लागल्यावर अनेक कंडक्टरांनी विचार केला, की बीथोव्हेनकडे असा हॉर्न असता तर त्याने इथेही हॉर्नच घातला असता, आणि ती ललकारी त्यांनी हॉर्नकडे दिली. दुसरे म्हणतात, त्याने काय केले असते ते राहू द्या, त्याने जे लिहिले ते वाजवा. दोन्ही बाजूंना मोठमोठी माणसे आहेत.

म्हणजे ज्याला मी 'बीथोव्हेन' समजत होतो तो त्या जागी बीथोव्हेन नव्हताच, तो कंडक्टर होता. आणि जिला मी चूक म्हटले तो खुद्द बीथोव्हेन होता! माझ्याकडे एकच कॅसेट असल्यामुळे मला या दोघांतला फरक कळण्याचा मार्गच नव्हता.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच. एकच ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला रचनाकार कुठे संपतो आणि वाजवणारा कुठे सुरू होतो ते कळत नाही. त्यासाठी दुसरे लागते. पहिले ऐकलेले तेच खरे वाटते, जशी आईच्या हातची आमटी. पण आईची आमटी हीच एकमेव आमटी, असे सुनेला सांगायला गेलो तर काय होते ते आपण सगळे जाणतो.

त्या संध्याकाळी काकांनी मला सहाही पाचव्यांतले तुकडे ऐकवले. सगळी सिंफनी नाही. काकांचा नियम असा, की तुलना करायची तर छोटी जागा घ्यावी आणि तीच सगळीकडे ऐकावी. दुसरा नियम, आवाजाची पातळी सारखी ठेवावी. नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते. तिसरा नियम, जुन्या मुद्रणाची खरखर दोन मिनिटे सहन करावी; मग कान ती आपोआप बाजूला सारतात. त्यांनी दाखवलेल्या जागा इथे देतो, म्हणजे कपाटातून सीडी नेणाऱ्याला उपयोग होईल.

पहिली जागा अगदी सुरुवातीची. ते जगप्रसिद्ध चार ठोके: तीन आखूड, एक लांब. हे दोनदा येतात आणि दोन्ही वेळा शेवटचा सूर धरून ठेवायचा असतो. कागदावर दुसऱ्या वेळचा सूर पहिल्यापेक्षा एक मोजणी लांब आहे. आता कोण किती धरतो ते पाहा. फुर्टवेंगलरच्या १९४७ सालच्या बर्लिनमधल्या मुद्रणात ते सूर दाराशी उभ्या राहिलेल्या संकटासारखे थांबून राहतात. तोस्कानिनीच्या १९५२च्या न्यूयॉर्कमधल्या मुद्रणात ठोके पडतात आणि गाडी लगेच सुटते. एवढ्या काही सेकंदांत दोन वेगळी माणसे समोर उभी राहतात.

दुसरी गोष्ट वेगाची. बीथोव्हेनने १८१७ साली आपल्या तोवरच्या आठही सिंफनींचे वेग मेट्रोनोमच्या आकड्यात छापून दिले. पाचवीच्या पहिल्या भागाला आकडा आहे १०८, म्हणजे मिनिटाला १०८ मोजण्या. (जपमाळेचाच आकडा, पण इथे माळ फारच भरभर ओढायची!) हा वेग खरा मानावा की नाही यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. कुणी म्हणतात त्याचे यंत्रच बिघडलेले होते, कुणी म्हणतात त्याला तेव्हा नीट ऐकू येत नव्हते. जॉन इलियट गार्डिनरने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संचात त्या काळच्या धर्तीची वाद्ये घेतली: आतड्याच्या तारा, बिनझडपांचे हॉर्न, कडक टिपऱ्यांचे नगारे. आणि तो हा वेग मनावर घेतो. उलट ऑटो क्लेंपररचे १९५९चे लंडनमधले मुद्रण पाहा. पहिल्या भागाला कार्लोस क्लायबरला १९७४ साली सात मिनिटे आणि वर वीसेक सेकंद लागतात. क्लेंपररला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पण क्लेंपररचे ऐकताना संथ वाटत नाही, जड वाटते. दगडी देवळाची एकेक शिळा चढवत न्यावी तसे. एकाच नकाशावर दोन इमारती.

तिसरी जागा माझी सर्वांत आवडती. पहिल्या भागाच्या मध्यानंतर ठोक्यांची धुमश्चक्री चालू असताना सगळा ऑर्केस्ट्रा अचानक थांबतो आणि एकटा ओबो, आपल्या सनईचा लांबचा नातलग, एक छोटीशी लकेर घेतो. गर्दीच्या रस्त्यावर कुणी क्षणभर मान वर करून आभाळाकडे पाहावे तशी. बीथोव्हेनने तिथे 'सावकाश' असे लिहिले आहे, पण किती सावकाश हे त्या वादकावर आणि कंडक्टरवर सोपवले आहे. इथे आपल्या मराठी कानाला काही शिकवावे लागत नाही. आलापीची सवय असलेला माणूस ही जागा लगेच ओळखतो. या लकेरीनंतर साधारण वीस-पंचवीस सेकंदांनी ती ललकारी येते. हॉर्न की बसून, ते तुम्हीच ठरवा. गार्डिनरच्या मुद्रणात बसून आहे. बाकीच्या पाचांचे सांगत नाही, ऐकून बघा.

चौथी जागा तिसऱ्या भागातून चौथ्यात जाण्याची. दोन्हींच्या मध्ये थांबायचे नाही. नगारा हळूहळू, जवळजवळ ऐकू न येईल असा वाजत राहतो, वर व्हायोलिन चाचपडत असतात, आणि मग एकदम दार उघडून ऊन आत यावे तसा चौथा भाग सुरू होतो. या क्षणी तीन ट्रॉम्बोन, पिकोलो आणि मोठा बसून पहिल्यांदा वाजतात. तोपर्यंत ते वादक नुसते वाट पाहत बसलेले असतात. हा अंधार कोण किती अंधारा ठेवतो आणि दार कोण किती जोरात उघडतो, यावर सगळी सिंफनी तोलली जाते. पुढे चौथ्या भागाचा पहिला मोठा खंड पुन्हा वाजवावा असे बीथोव्हेनने लिहिले आहे. कार्लोस क्लायबर तो पुन्हा वाजवतो, पुष्कळ जण गाळतात. म्हणजे सिंफनीची लांबीसुद्धा सगळ्यांची सारखी नसते!

आणि या सीडींच्या मागे माणसे आहेत. फुर्टवेंगलर नाझींच्या काळात जर्मनीतच राहिला. युद्धानंतर त्याची चौकशी झाली आणि मे १९४७ मध्ये तो बर्लिन फिलहार्मोनिकपुढे पुन्हा उभा राहिला. त्यांचे जुने सभागृह बाँबहल्ल्यात गेले होते, म्हणून कार्यक्रम एका सिनेमागृहात झाला. कपाटातली सीडी त्याच दिवसांतली. बाकीच्यांची कथा उलटी. तोस्कानिनीने मुसोलिनीची इटली सोडली. क्लेंपररने १९३३ साली जर्मनी सोडला आणि लॉस एंजेलिस गाठले. हंगेरीत जन्मलेला जॉर्ज सेल १९३९ साली युद्ध पेटले तेव्हा अमेरिकेत होता तो इथेच राहिला, आणि १९४६ पासून १९७० साली मरेपर्यंत त्याने क्लीव्हलंडचा ऑर्केस्ट्रा असा घडवला की शंभर माणसे चौघांनी मिळून वाजवावे तशी एकमेकांकडे कान देऊन वाजवत. त्याचे १९६३चे मुद्रण आपल्याकडे आहे. एरिख क्लायबरने १९३४ साली बर्लिनमधले पद सोडले. त्याचा मुलगा कार्लोस अर्जेंटिनात वाढला. बापाची इच्छा नव्हती म्हणून कार्लोसने आधी झुरिकमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास सुरू केला. (ही गोष्ट आपल्या घरोघरी सांगण्यासारखी आहे!) बापाने १९५३ साली ॲमस्टरडॅममध्ये पाचवी मुद्रित केली होती, मुलाने १९७४ साली व्हिएन्नात केली. बापाचे मुद्रण आपल्या कपाटात नाही. कुणाकडे असल्यास मंडळाला द्यावे, म्हणजे सात होतील. कार्यकारिणीने कृपया दचकू नये.

घर सोडून दुसऱ्या देशात गेलेल्या माणसांनी एकच जुनी गोष्ट सोबत नेली आणि प्रत्येकाने ती वेगळी वाजवली. आपल्याला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. आपणही देश सोडला त्या वर्षीची एकच कॅसेट डोक्यात घेऊन आलो आहोत. गणपतीची आरती कशी म्हणायची, लग्नात काय झाले पाहिजे, मराठी कसे बोलायचे. मुले जरा वेगळे वाजवू लागली की आपण गाडीत बसल्या बसल्या म्हणतो, "तिथे हॉर्न असतो." कधी आपले बरोबर असतेही. पण कधी मूळ कागदावर बसूनच लिहिलेला असतो.

आता अपेक्षित आक्षेपांना उत्तरे.

पहिला आक्षेप: सर्वोत्तम असेल ती एक ठेवू. जाणकार नेहमी क्लायबरच्या १९७४च्या मुद्रणाचे नाव घेतात, तेव्हा ती ठेवावी. मला स्वतःला ती फार प्रिय आहे. एकच विकत घ्यायची असेल तर तीच घ्या, असे मीही सांगेन. पण वाचनालय हे दुकान नाही. पहिला नंबर काढून बाकीचे घालवले, की पहिला नंबर का पहिला हेच कळेनासे होते. क्लायबरची धार क्लेंपररनंतर ऐकली की समजते.

दुसरा आक्षेप: आता फोनवर सगळे फुकट मिळते. खरे आहे. आर्थर निकिशने १९१३ साली बर्लिन फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली पाचवीसुद्धा मिळते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत, आणि तबकडीच्या एका बाजूला चारेक मिनिटेच मावत, म्हणून सिंफनीचे तुकडे करावे लागत. ते घरबसल्या ऐकता येते ही मोठी गोष्ट आहे. पण फोनवर 'पाचवी' मागितली की तो एक लावून देतो, आणि आपण ऐकतो. माझी दोन डॉलरची टोपली आणि हा फोन यांत त्या अर्थी फरक नाही. कपाटात सहा शेजारी शेजारी उभ्या दिसल्या की माणूस विचारतो, "सहा कशाला?" हा प्रश्न पडणे हीच सुरुवात असते. कार्यकारिणीला तो पडलाच की!

तिसरा आक्षेप: हे आपले संगीत नाही, मंडळाने कशाला सांभाळायचे? झुबिन मेहता मुंबईत जन्मला. त्याचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत संचालक होता, तेव्हा आपणच "आपला झुबिन" म्हणून छाती फुगवत होतो. शिवाय आपली नातवंडे शाळेच्या ऑर्केस्ट्रात हेच वाजवत आहेत. त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन नुसते फोटो काढण्यापेक्षा, काय वाजले हे समजून घ्यायला काय हरकत आहे?

चौथा आक्षेप जागेचा. सहांची मिळून जाडी मी मोजली. एक वीतही भरली नाही.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. संग्रहात खऱ्या दुबार प्रती असू शकतात. एकच मुद्रण कंपन्या नवे चित्र लावून पुन्हा पुन्हा काढतात. तेव्हा वेष्टण न बघता मागच्या बाजूला तीन गोष्टी पाहाव्यात: कंडक्टर, ऑर्केस्ट्रा आणि मुद्रणाचे वर्ष. तिन्ही जुळले तर एक खुशाल काढावी. नुसता कंडक्टर जुळून भागत नाही. कारायानने नवही सिंफनींचा संच आयुष्यात चार वेळा मुद्रित केला आणि ते चारही वेगळे आहेत. ही चाळणी लावायला मी एक शनिवार देईन. चहा मात्र कार्यकारिणीचा.

आणखी एक सूचना. पुढच्या एखाद्या मासिक सभेनंतर अर्धा तास मिळावा. फक्त पहिला भाग, चार मुद्रणे, कोणाचे कोणते ते न सांगता. चार सत्ते अठ्ठावीस, म्हणजे अर्ध्या तासाचेच काम. शेवटी हात वर करून मत द्यायचे. शास्त्रीय संगीताच्या बैठकीला पेंगणारे सभासदसुद्धा भांडायला लागतील याची मी खात्री देतो.

मुलीचे काय झाले ते सांगायचे राहिले. काकांकडून आल्यावर त्याच रात्री मी तिच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणालो, "चूक माझी होती. तिथे बसूनच आहे. मी कागदावर पाहिलं." ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "इट्स ओके, बाबा." पुढच्या आठवड्यात ती काळी पेटी पुन्हा घरी आली.

निवेदन वाचल्यावर मी त्या सहा सीडी घरी नेऊन पुन्हा ऐकल्या. गार्डिनरच्या संचात पाचवीच्या पुस्तिकेत काकांच्या अक्षरातली एक चिठ्ठी निघाली. पेन्सिलीने लिहिले होते: "पहिला भाग, ओबोनंतर. इथे बसून आहे. बसून ऐकावे."

सीडी पुढच्या सभेला परत आणतो. कपाटात सहाही ठेवाव्यात, ही विनंती.

— एक जुना सभासद